शून्य सेकंद

सोमवार, ३ मार्च

नवीन कार्यालयात रुजू झाले. करार अकरा महिन्यांचा. फाटकावर मोबाईल काढून घेतला, भिंतीतल्या लोखंडी खणात ठेवला आणि किल्ली हातात दिली. किल्लीवर ४१.

"आत फोन न्यायचा नाही, मॅडम," रखवालदार म्हणाला. "कोण काय ऐकेल, नेम नाही."

सगळ्या देशाच्या फोनची नोंद ठेवणाऱ्या इमारतीत फोनला बंदी आहे. सुरक्षेचा नियम म्हणून तो बरोबर आहे.

संचालकांनी काम समजावून सांगितलं. कोण काय बोललं ते आपण ऐकत नाही. कोणी कोणाला फोन केला, किती वाजता आणि किती सेकंद, एवढंच नोंदवतो. "पाकीट फोडायचं नाही, वरचा पत्ता वाचायचा. यात कोणाचं काय बिघडतं?" त्यांच्या मागच्या भिंतीवर चौकटीत अक्षरं होती : कर नाही त्याला डर कशाला. त्यांच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी होती. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी समोरची फाईल पालथी घातली.

खुर्ची बरी आहे. खिडकी नाही.

बुधवार, ५ मार्च

तीन दिवस जुनी पद्धत वाचली. जे कॉल कोणी उचललेच नाहीत, म्हणजे शून्य सेकंदांचे, ते सगळे कचरा म्हणून गाळले जातात. मला हे ढिसाळ वाटलं. ऐकणारा कोणी आहे हे ज्याला माहीत आहे, तो बोलेलच कशाला? तो एकदा वाजवेल आणि तोडेल.

मी नियम लिहिला. शून्य सेकंदांचे कॉल, रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने, एकाकडून दुसऱ्याकडे. जिथे शेवटचा संकेत पोहोचतो आणि जिथून काहीही परत जात नाही, तो केंद्रबिंदू. म्हणजे म्होरक्या.

संचालक इतके खूश झाले की त्यांनी कायदेसल्लागारांना बोलावून घेतलं. सल्लागार म्हणाले, "खासगीपणा हा हक्क आहे, पण निरपेक्ष नाही." मला वाटलं होतं ते नियमाबद्दल काही विचारतील. नंतर कळलं की हे वाक्य ते सगळ्यालाच म्हणतात. चहात साखर कमी आहे सांगितलं तरी.

रविवार, ९ मार्च

आईकडे जेवायला गेले. ती बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या.

"काय काम देतात तुला?"

"डेटा."

"म्हणजे कोण कोणाला फोन करतं ते."

"तसं नाही." मी ताट पुढे ओढलं. "तसंच."

"आम्हीही तेच करायचो," ती म्हणाली. "फक्त आम्हाला जोडूनही द्यावं लागायचं."

मग तिने जुनं पुराण लावलं. लाईनवर सगळं ऐकू यायचं, पण ऐकायचं नाही. कानावर आलेलं ओठावर आलं की सुपरवायझर बाई त्याच दिवशी हेडफोन काढून घ्यायच्या. "अर्धा पगार जोडण्याचा आणि अर्धा विसरण्याचा," ती म्हणाली. हे मी लहानपणापासून ऐकते आहे.

रोज सकाळी सात वीसला ती मला एक मिस्ड कॉल देते. एकदा वाजतो आणि तुटतो. मी वेगळी राहायला लागले तेव्हापासून, तीन वर्षं. कारण मी विचारलेलं नाही. पाच सेकंदांपेक्षा कमी वाजलेले कॉल दिसूच नयेत अशी सोय मी फोनमध्ये तेव्हाच करून घेतली. दोघींनाही त्रास नाही.

बुधवार, १२ मार्च

नियम खऱ्या नोंदींवर चालवला. दहा लाख नंबर, बावीस मिनिटं.

पहिल्या क्रमांकावर आठ नंबरांची साखळी आली. रोज सकाळी सात वाजता सुरू, सात वीसला समाप्त. सलग एक हजार एकशे चार दिवस, एकदाही खंड नाही. एकही सेकंद संभाषण नाही. धोका शंभरात सत्त्याण्णव.

सातवा नंबर आईचा आहे. आठवा माझा.

यंत्राचा शेरा : "केंद्रबिंदू क्रमांक आठ. तीन वर्षांत एकदाही प्रतिसाद दिलेला नाही. असाधारण शिस्त."

मी तो तीनदा वाचला. मग सल्लागारांना सहज म्हणून विचारलं की आपल्याच लोकांचे नंबर या नोंदीत असतात का. ते म्हणाले, "छे, कायम कर्मचाऱ्यांचे वगळलेले आहेत. मंत्र्यांचे तर आधीच. कंत्राटी लोकांचं विचाराधीन आहे." मी कंत्राटी आहे. चहा मिळतो.

मी आठवी ओळ काढली. विश्लेषकाचा स्वतःचा नंबर नमुन्यात असणं शास्त्रीयदृष्ट्या सदोष असतं. हे कारण खरं आहे. पण ते मला ओळ काढल्यावर सुचलं, आधी नाही.

यंत्राने पुन्हा हिशेब केला. केंद्रबिंदू क्रमांक सात.

आईची ओळही काढता आली असती. पण मग विचारलं असतं की का, आणि नंबर कोणाचा ते सांगावं लागलं असतं. शिवाय वयं समोरच लिहिलेली आहेत : ६९, ७१, ७४, ८३. संचालक ती बघतील, हसतील आणि यादी बाजूला ठेवतील.

गुरुवार, १३ मार्च

संचालक हसले नाहीत.

"सत्तर वर्षांच्या सात बायका," ते हळूच म्हणाले. "कोणाला संशय येईल? वय हाच उत्तम बुरखा."

मी म्हटलं, नियम अजून कच्चा आहे, चुकीचे निकालही येऊ शकतात.

"तुमचा विनय आवडला मला," ते म्हणाले.

रविवार, १६ मार्च

आईकडे. टीव्हीवर चर्चा होती : पाळत हवी की नको. चार चौकटींत चार माणसं एकाच वेळी बोलत होती. एका चौकटीत आमचे संचालक. पाकीट, पत्ता, कर नाही त्याला डर कशाला, सगळं क्रमाने आलं. कॅमेऱ्यासमोर ते चांगले दिसतात. या कॅमेऱ्याला पट्टी नव्हती.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "पाकिटावरचा पत्ता म्हणे! अगं, एक शब्द न ऐकता आम्हाला सगळं कळायचं. रोज रात्री नऊला लागणारा कॉल दोन दिवस लागला नाही की कळायचं, भांडण झालं. वकिलाला लागला की कळायचं, मिटत नाही. आणि पहाटे डॉक्टरला लागला की आम्ही सगळ्या बोर्डासमोर गप्प बसायचो. शब्द काय, शब्दांत माणसं थापा मारतात."

"मग तुम्हीही पाळतच ठेवत होतात."

"आम्हाला कळायचं," ती म्हणाली. "आम्ही लिहून ठेवत नव्हतो. हा काळ्या कोटातला माणूस कोण गं? तुमचा साहेब? खोटं बोलताना डावीकडे बघतो."

तू रोज सकाळी मला रिंग का देतेस, हे विचारायचं ठरवून गेले होते. विचारलं नाही. न विचारता मला ठाऊक नाही असं म्हणता येतं.

गुरुवार, २० मार्च

आज संपर्क यादी आली, म्हणजे साखळीतल्या बाकी सहा जणींची नावं क्रमांक सातच्या फोनमध्ये कशी लिहिली आहेत ती. मी म्हटलं, हा तर मजकूर झाला. सल्लागार म्हणाले, "संपर्क यादी हा मजकूर नव्हे, असा कालच ठराव झालाय."

संचालकांनी यादी मोठ्याने वाचली. बाई. ट्रंकवाली. राँग नंबर. झोपाळू. वायर. जोशात.

"सांकेतिक नावं!" ते म्हणाले. "आणि ही वायर. वायर कशाला लागते, मॅडम?"

मी या सगळ्यांना ओळखते. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसले आहे. ट्रंकवाली परगावचे कॉल जोडायची. राँग नंबर एकदा चुकीच्या भोकात दोरी खुपसून बसली, तर एका नवरदेवाला भलत्याच मुलीने होकार दिला. झोपाळू रात्रपाळीला झोपायची. वायर अंगाने बारीक. जोशात साधं हॅलोही ओरडून म्हणायची. बाई म्हणजे सुपरवायझर बाई, आता त्र्याऐंशीच्या, एकट्या राहतात. अजून माझा उच्चार सुधारतात.

"कशालाही लागते," मी म्हटलं.

सोमवार, २४ मार्च

दुपारी बारा वाजता सातही फोन बंद करण्यात आले. तात्पुरता, खबरदारीचा उपाय, पूर्वसूचनेविना. आदेशावर तीन सह्या आहेत. नियमाखाली जिथे "तयार करणार" असं लिहितात, तिथे माझं नाव आहे.

मंगळवार, २५ मार्च

संध्याकाळी आई फोन घेऊन आली. "बघ गं, काल दुपारपासून मेलाय. तू फोनवाली ना?"

मी फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. काही करत असल्यासारखं दिसावं म्हणून कार्ड काढून पुन्हा घातलं. बत्तीस वर्षं तारा जोडलेल्या बाईसमोर मी हे नाटक केलं. ती बघत होती.

"नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. दोन दिवसांत होईल."

"बाईंकडे जाऊन यावं म्हणते. आज त्यांची खबर नाही."

"त्यांचाही बंदच असेल. अंधारात जिने कुठे चढतेस? उद्या जा."

त्यांचा फोन बंद होता. माझं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं.

बुधवार, २६ मार्च

बाई मंगळवारी सकाळी पावणेसातला न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. आज सकाळी नऊला आई तिथे गेली, दार उघडेना म्हणून शेजाऱ्यांकडून तोडवलं. सव्वीस तास त्या ओल्या फरशीवर होत्या.

मी फाटकापाशी पोहोचायच्या आधीच आईने शेजाऱ्यांच्या फोनवरून मला कळवलं. मी पाचला काम संपवून थेट रुग्णालयात गेले. बाई शुद्धीवर होत्या. मला म्हणाल्या, "उशीर झाला तुला. ड्यूटी किती वाजताची होती?"

त्यांना भ्रम झालाय असं नर्स म्हणाली. मला तसं वाटलं नाही.

कार्यालयात दुपारीच आठवड्याचा आलेख निघाला होता. साखळीची हालचाल रविवारी सात, सोमवारी सात, मंगळवारी शून्य, बुधवारी शून्य. खाली हिरव्या रंगात : शांत. संचालकांनी त्याची प्रत वर पाठवली.

शुक्रवार, ४ एप्रिल

आज चौकशी समितीपुढे क्रमांक सातची सुनावणी झाली. आई इस्त्रीची साडी नेसून आली होती. फाटकावर तिलाही खण दिला. बंद फोन खणात ठेवला.

पडदा आणि आलेख चालवायला मी कोपऱ्यात होते. ती माझी आई आहे हे इथे कोणाला माहीत नाही. आडनावं वेगळी आहेत. ती आत आली, तिने मला बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "मॅडम, तो पंखा जरा कमी करता का?"

मी केला.

संचालकांनी विचारलं, "रोज सकाळी सात वाजता तुम्ही कोणता संकेत पाठवता?"

"लाईन टेस्ट."

"म्हणजे?"

"एक्स्चेंजमध्ये पाळी सुरू झाली की आधी लाईन तपासायची. एक रिंग द्यायची, तोडायची. समोरच्याने उचलायचा नाही. वाजली म्हणजे लाईन जिवंत. निवृत्त झालो, बोर्ड भंगारात गेला, सवय राहिली. आता बाई ट्रंकवालीला देतात, ती वायरला, अशी फिरत येते. सात पाचपर्यंत बाईंची रिंग आली नाही तर ट्रंकवालीने उठून त्यांचं दार ठोठवायचं. कारण म्हाताऱ्या झालो हो. आता लाईन नाही तपासत."

सल्लागार पाणी प्यायले.

"हे तुम्ही लेखी कुठे दिलंय का?" संचालकांनी विचारलं.

"जिवंत आहे म्हणून? कोणाकडे अर्ज करायचा?"

एक सदस्य हसले आणि लगेच खोकले.

मग तिने पडद्याकडे बोट केलं. "हे सगळं तुमच्याकडे लिहिलेलं असतं ना? मिनिटासकट?"

"सेकंदासकट," संचालक म्हणाले. त्यांना अभिमान लपवता आला नाही.

"मग मंगळवारी पंचवीस तारखेला बाई वाजल्या नाहीत, ते लिहिलं असेल. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्याला तुम्ही काय म्हटलंत? मॅडम, जरा मोठं करून दाखवा. माझे डोळे गेलेत."

मी मोठं केलं. अख्ख्या पडद्यावर हिरवा शब्द आला.

"शांत," तिने वाचलं. "फोन तुम्ही बंद केलेत, म्हणून आम्हाला वाटलं तारच मेली. बाई पडल्यात हे कळायला सव्वीस तास लागले. आमच्याकडे बोर्डावर दिवा लागला नाही तर ऑपरेटर उठून बघायची. तुमच्याकडे दिवा विझला की बढती."

"खासगीपणा हा हक्क आहे," सल्लागारांनी सुरू केलं, आणि या वेळी पुढचं त्यांना आठवलं नाही. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "या साखळीत तुमच्यानंतर कोण?"

पडद्यावर सात नंबर होते. आईने ते वरून खाली वाचले. शेवटच्या नंबरापाशी, तिच्या स्वतःच्या, ती थांबली. खाली मोकळी जागा होती. ती तिने जरा जास्तच वेळ बघितली.

"कोणी नाही," ती म्हणाली. "माझ्यापाशी संपते."

माझ्याकडे तिने बघितलं नाही. तिचे डोळे गेलेले नाहीत. सुईत दोरा अजून तीच ओवते.

रविवार, ६ एप्रिल

फोन कालच सुरू झाले. प्रकरण "तूर्त निकाली". दिलगिरी नाही, कारण आदेशात दिलगिरीचा रकाना नाही.

आईकडे गेले. तिने चहा टाकला आणि पाठमोरीच म्हणाली, "माझ्याखालचा नंबर पडद्यावर नव्हता."

"हो."

"मशीन चुकलं?"

चहा उकळून वर आला, तिने गॅस बारीक केला.

"बरं," ती म्हणाली. "आमच्याकडे एखादीला दोरी काढून ठेवायची झाली तर त्या भोकावर चिठ्ठी लावावी लागायची. कोणी काढली, कधी काढली. खाली सही. नाहीतर पुढच्या पाळीवालीला वाटायचं, तिथे लाईन नव्हतीच कधी."

"मला का द्यायचीस रिंग? मी कुठे म्हातारी झालेय?"

"तू जिवंत आहेस का बघायला नाही गं. मी आहे, हे तुला कळावं म्हणून." तिने कप पुढे केला. "तू उचलायचा नाहीच. सकाळी उठल्यावर माझं नाव दिसलं की झालं. दिसायचं ना?"

"दिसायचं," मी म्हटलं.

सोमवार, ७ एप्रिल

पाच सेकंदांची ती गाळणी काढून टाकली. सात दहापासून फोन समोर ठेवून बसले. सात वीस. सात एकवीस. साडेसात.

वाजला नाही. मी यादी पुन्हा तपासली. फोन चालू होता. लाईन ठीक होती. तिने तिची साखळी खरोखरच स्वतःपाशी संपवली आहे. मला पुन्हा कोणाच्या पडद्यावर यावं लागू नये म्हणून असेल. किंवा मला शिक्षा म्हणून. ती सांगणार नाही, आणि हे कळण्यासाठी माझ्याकडे कोणताही नियम नाही.

तीन वर्षांत कितीदा वाजला असेल, ते काढणं सोपं आहे. १२ मार्चपर्यंतच एक हजार एकशे चार. तो आकडा मीच काढला होता, धोक्याच्या रकान्यात.

मंगळवार, ८ एप्रिल

आठवी ओळ परत घातली. शेऱ्यात लिहिलं : "ही ओळ मी १२ मार्चला काढली. नंबर माझा आहे. सातवा माझ्या आईचा. नियम मी लिहिला, सुरुवातीपासून चुकीचा होता. धोका म्हणून जे पकडलं ती काळजी होती, आणि काळजी थांबली तेव्हा यंत्राने शांत म्हटलं." खाली सही केली.

संचालक अर्धा तास शेरा वाचत बसले. रागावले नाहीत, दुखावले गेले.

"अहो, फाईल बंद झाली होती. आता हे कशाला?"

"नोंद पूर्ण असावी म्हणून."

"तुम्हाला माहितीये ना, आता सगळी साखळी पुन्हा उघडावी लागेल? केंद्रबिंदूसकट?"

"माहितीये. पण या वेळी वर माझं नाव असेल. चौकशी माझी होईल. मी येईन. फोन त्यांचे बंद करायचे असतील तर आता आधी मला विचारावं लागेल की त्या कोण आहेत, आणि मी लेखी सांगेन."

माझा करार शुक्रवारी संपवणार आहेत. तोवर सल्लागारांच्या मते मला यंत्रापासून दूर ठेवायला हवं, पण ते चालवायला दुसरं कोणी नाही.

बुधवार, ९ एप्रिल

सकाळी सात एकवीसला मी आईला एक रिंग दिली आणि तोडली. लगेच तिचा फोन आला, पूर्ण वाजत राहिला. मी उचलला.

"काय झालं? पडलीस?"

"नाही. लाईन टेस्ट."

मग ती म्हणाली, "उचललास कशाला? टेस्टला बोलायचं नसतं, मूर्ख!" आणि तिने फोन ठेवला. बोलणं सात सेकंदांचं झालं.

दहाला खण क्रमांक ४१ मध्ये मोबाईल ठेवून आत गेले. पडद्यावर रात्रभराचा हिशेब नव्हता, फक्त एक ताजी, लाल ओळ होती :

"क्रमांक आठ. नवीन वर्तन. केंद्रबिंदूने प्रथमच प्रतिसाद दिला. कालावधी शून्य सेकंद. धोका वाढला."

मी ती काढली नाही. शेऱ्यात लिहिलं : "लाईन चालू आहे." खाली तारीख घातली आणि सही केली.